चौसष्ट टक्के दीपा

“आमच्या माहेरी कोणाच्याच अंगातून वाफा-बिफा निघाल्या नाहीत,” योगिता अत्तरदेने हळदीकुंकवाला जमलेल्या बत्तीस बायकांना ठणकावून सांगितलं. “माझ्या आईची पाळी गेली, तेव्हा ती ‘बरं झालं’ म्हणाली आणि पापड लाटायला बसली. हे सगळे मनाचे खेळ असतात. मन घट्ट पाहिजे!”

बत्तीस बायकांनी माना डोलावल्या. त्या माना थांबायच्या आत योगिताच्या छातीतून एक आगीचा लोळ उठला आणि गळ्यावरून कानांपर्यंत चढला. जानेवारी महिना होता. सन दोन हजार एक्केचाळीस असलं तरी जळगावात त्या आठवड्यात चांगलीच थंडी होती आणि बायका शाली पांघरून बसल्या होत्या. योगिताच्या कपाळावरचं कुंकू मात्र पातळ झालं, नाकावरून ओघळलं आणि वरच्या ओठावर येऊन थांबलं.

“तिळगूळ कमी पडला वाटतं, बघते हं,” असं म्हणून ती आत गेली आणि फ्रिजचं दार उघडून तिने खांद्यापर्यंत आत मुंडकं घातलं. फ्रिज नवा होता आणि बोलका होता.

“दार चार मिनिटांपासून उघडं आहे,” फ्रिज हॉलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “आत कोणीतरी आहे.”

मदतीला धावून आली ती दीपा. ही योगिताची धाकटी जाऊ. मधली भिंत एकच, अंगण एकच, पण बंगले दोन. दीपा एकोणपन्नास वर्षांची होती, योगितापेक्षा दोनच वर्षांनी लहान, आणि तिला घाम येत नसे. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला तरी तिच्या गालावरची पावडर जागची हलत नसे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून योगिताने ही पावडर बघितली होती आणि त्या दिवसापासून तिला ती खुपत होती.

“ताई, हा नॅपकिन घ्या,” दीपा हळू आवाजात म्हणाली. आणि मग, अगदी सहज, “मला तर काहीच झालं नाही बघा. पाळी गेली कधी, कळलंसुद्धा नाही.”

योगिताने नॅपकिन घेतला. तो कोरडा, घडी घातलेला आणि अत्तराच्या वासाचा होता. तिला दुसरी वाफ आली.

खरा घाव बसला मार्चमध्ये. अत्तरद्यांच्या घरी दरवर्षी एप्रिलात बिबडे होतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची आणि लसूण, मिरची, तीळ घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. शिजत आलेला घाटा थोडा थोडा काढून ओल्या फडक्यावर पातळ बिबडे थापायचे आणि गच्चीवर वाळवायचे. थापायला गल्लीतली कोणीही बाई चालते. घाटा मात्र एकीनेच ढवळायचा. दीड तास, हाताला खंड न देता, नाहीतर गुठळी होते. हा मान थोरल्या सुनेचा. सव्वीस वर्षं पार्किंगमधल्या चुलीसमोर लाकडी दांडा हातात घेऊन योगिता उभी राहायची आणि बाकी सगळ्या बायका खाली बसायच्या. तेवढा दीड तास ती त्या घरातली सगळ्यात उंच बाई असायची.

पण मागच्या वर्षी घाटा अर्धा शिजलेला असताना तिला वाफ आली. तिने दांडा टाकला आणि बागेतल्या नळाखाली डोकं धरलं. घाट्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. ते बिबडे तळले की फुटाण्यासारखे फुटायचे आणि पाहुण्यांच्या अंगावर उडायचे.

“यंदा घाटा दीपा ढवळील,” सासूबाईंनी मार्चच्या पहिल्या रविवारी जाहीर केलं. कौसल्याबाई एक्क्याऐंशीच्या होत्या, पण निकाल अजून त्याच द्यायच्या. “तुझ्याच्यानं होत नाही आता, योगिता. उगं जिवाला त्रास कशाला, माय?”

“आई, मला काही झालेलं नाही!”

“मंग परवा वाणसामानाच्या दुकानात डीप फ्रीजरवर गाल टेकून कोण उभं होतं वं? दुकानदारानं फोन केला ना मला.”

दीपा खाली मान घालून शेंगा सोलत होती. योगिताला वाटलं, ती हसतेय. खात्री नव्हती, पण वाटलं एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर राणेबाईंकडे गेली. राणेबाई बोलक्या होत्या. “मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो,” त्या म्हणाल्या. “तो आपला थर्मोस्टॅट. तरुणपणी तो समजूतदार असतो, अंगातली उष्णता थोडी वरखाली झाली तरी चालवून घेतो. इस्ट्रोजेन कमी झालं की त्याच्या भोवतालच्या पेशी चिडक्या होतात. मग एका डिग्रीच्या दहाव्या हिश्श्याने अंग तापलं, तरी त्याला वाटतं घराला आग लागली! लगेच त्वचेखालच्या सगळ्या रक्तवाहिन्या उघडायच्या, घाम काढायचा, धावपळ. दोन मिनिटांनी लक्षात येतं आग नव्हतीच. तोवर तुम्ही भिजलेल्या असता आणि वर हुडहुडी भरते.”

“आणि हे काही जणींना होतच नाही का?”

“काही जणींना कमी होतं. आणि काही जणी सांगत नाहीत.”

दुसरं वाक्य योगिताच्या कानात शिरलंच नाही. तिचं लक्ष टेबलावरच्या डबीकडे होतं. डबीत ‘गारवा’ होता. शिशिर नावाच्या कंपनीची, मानेवर चिकटवायची, टिकलीपेक्षा थोडी मोठी चकती. वाफ यायच्या चाळीस सेकंद आधी त्वचेतून वाहणारी बारीकशी वीज बदलते. चकती ती ओळखते, मानेला बर्फासारखी गार पडते आणि घरच्या कूलर-पंख्यांना चालू व्हायला सांगते. बदामाला वाटतं, अरे, गारच तर आहे सगळं. तो गप्प बसतो.

गारवा अक्षरशः देवासारखा पावला. योगिताने दुधाच्या पातेल्यासमोर उभं राहून पाहिलं, भर दुपारी चार जिने चढून पाहिलं, मिरचीचा ठेचा खाऊन पाहिलं. वाफ यायची, दाराशी थांबायची आणि माघारी फिरायची. आठवडाभर ती घरात शिट्टी वाजवत फिरली.

मग कंपनीने चकतीत सुधारणा केली. आता गारवा आजूबाजूचं बोलणं ऐकून वाफेचं कारणही शोधणार होता. रविवारी सकाळी चहाच्या वेळी फोनवर यादी आली. नवऱ्याने, म्हणजे किरणने, चष्मा चढवून ती मोठ्याने वाचली.

“चहा नऊ टक्के. तिखट आठ. गॅसची धग सात. जिना सहा. किरण चार. इतर दोन.” तो थांबला. “आणि दीपा चौसष्ट.”

योगिताने चहाचा कप खाली ठेवला.

“मशीन बिघडलंय,” योगिता म्हणाली.

“मी फक्त चार?” किरणला भलतंच लागलं होतं. “अठ्ठावीस वर्षं संसार केला आणि मी चहापेक्षा कमी? जिन्यापेक्षाही कमी?”

“अहो, ही चांगली गोष्ट आहे!”

“चांगली कसली? माझा काही परिणामच होत नाही तुझ्यावर!” आणि तो आपल्या चार टक्क्यांचं गाऱ्हाणं भिंतीपलीकडे भावाला सांगून आला.

तिने फोन लावला, तर राणेबाई म्हणाल्या, यंत्र बरोबर आहे. मत्सराने काही पाळी जात नाही. पण मत्सर आला की काळीज धडधडतं, अंग अगदी किंचित तापतं, आणि एरवी जे खपून गेलं असतं ते आता चिडक्या बदामाला पुरतं. “म्हणजे तुम्हाला आधीही तेवढंच वाटत होतं,” राणेबाई उत्साहाने म्हणाल्या. “फक्त आता दिसतंय!”

त्या दिवसापासून घरात ‘दीपा’ म्हणायची सोय राहिली नाही. गारवा शिकाऊ होता आणि तत्पर होता. नाव कानावर पडलं की वाफेची वाटसुद्धा न बघता तो हॉलमधला, बेडरूममधला आणि जिन्याखालचा असे तिन्ही कूलर पूर्ण वेगात सोडायचा. किरण ‘ती आपली भिंतीपलीकडची’ असं म्हणू लागला. दीर भूषण आमरसाचा डबा घेऊन आला आणि “दीपाने पाठवलाय” एवढंच बोलला, तर कूलरने त्याच्या तोंडावर असा फवारा सोडला की झाकण उडालं आणि आमरस भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोला लागला. फोनचं तर विचारूच नका. दीपाने फोन केला की गारवा परस्पर उचलायचा आणि गोड आवाजात सांगायचा, “योगिताताई सध्या गार आहेत. कृपया त्यांना तसंच राहू द्या.”

दीपाने फोन करणं बंद केलं. थोरली जाऊ अंगणात दिसली की ती आत निघून जायची. योगिताला हे जाणवत होतं. सव्वीस वर्षं रोज अकरा वाजता भिंतीवरून वाटी इकडची तिकडे जायची, ती वाटी थांबली होती. पण तिने स्वतःला सांगितलं, बरंच झालं, चौसष्ट टक्के त्रास वाचला. आणि ती आतल्या खोलीत सासूबाईंकडे गेली.

“आई, मला आता वाफा येत नाहीत. घाटा मीच ढवळणार.”

कौसल्याबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग घरभर गुरगुरणाऱ्या तिन्ही कूलरांकडे कान दिला. “निम्मा दीपा, निम्मा तू,” त्यांनी निकाल दिला. “जिच्या निम्म्यात गुठळी नाही, पुढच्या साली दांडा तिचा. आन एक ऐक. थापताना वारा लागला तर कडा फाटतात. त्या दिशी पंखा नको, कूलर नको. काहीच नको.”

योगिताने आदल्या संध्याकाळी आपल्या घरातले सगळे प्लग ओढून काढले. प्लग नसलेला कूलर सुरू होत नाही, एवढं विज्ञान तिला कळत होतं. मानेवरची चकती गार पडेल, तेवढं पुरे.

बिबड्यांच्या दिवशी पहाटेच चूल पेटली. गल्लीतल्या नऊ बायका फडकी घेऊन पार्किंगमध्ये बसल्या. पहिला दांडा दीपाच्या हातात गेला. ती पदर खोचून, सरळ पाठीने, एका लयीत ढवळत होती. चुलीची धग तोंडावर, आणि पावडर जागच्या जागी. योगिता खाली बसून थापत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती खाली बसली होती. खालून दीपा फारच उंच दिसत होती.

“काय घाटा आहे!” कौसल्याबाईंनी बोटावर घेऊन चाखला. “लोण्यासारखा. दीपा, मी उगीच इतकी वर्षं तुला बसवून ठेवलं.”

योगिताच्या मानेवर चकती बर्फाच्या खड्यासारखी चावली. तिच्या हाताखालचा बिबडा फाटला. तिने तो गुपचूप गोळा करून खाल्ला. पण कूलर काही सुरू झाला नाही. प्लग काढले होते.

पाऊण तासाने दांडा तिच्याकडे आला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. पहिले काही वळसे घेतले आणि सव्वीस वर्षांची सवय आपोआप मनगटात उतरली. दांडा पातेल्याच्या कडेने गेला, मधून आला, तळ खरवडून वर आला. घाटा चकाकायला लागला. बायका थापायच्या थांबून बघायला लागल्या.

“काही म्हणा,” कौसल्याबाई स्वतःशीच म्हणाल्या, “योगिताचा हात तो योगिताचाच.”

त्यासरशी भिंतीपलीकडे घर्रर्र आवाज झाला. दीपाच्या बंगल्यातले चार कूलर एकदम सुटले. खिडक्या उघड्या होत्या. वाऱ्याचा लोट पार्किंगमध्ये घुसला, ओली फडकी उडाली, चाळीस ताजे बिबडे हवेत गेले. एक शेजारच्या काकूंच्या चष्म्यावर बसला. एक कौसल्याबाईंच्या पांढऱ्या अंबाड्यावर चिकटला.

“योगिता! तुझं ते मशीन!” कौसल्याबाई ओरडल्या.

“माझे प्लग काढलेत, आई! हे माझे कूलर नाहीत!”

ती हे बोलली आणि थांबली. तिचे कूलर नाहीत. मग ते कोणाचं ऐकून सुरू झाले?

तिने दीपाकडे बघितलं. दीपाचा हात मानेवर, अंबाड्याच्या खाली गेला होता. पण वाऱ्याने बट उडाली होती आणि खाली टिकलीपेक्षा थोडी मोठी, पांढरी चकती दिसत होती.

“दीपा,” योगिता म्हणाली. “कधीपासून?”

“दीड वर्ष,” दीपा पुटपुटली.

“दीड वर्ष! आणि मला म्हणालीस, गेली कधी, कळलंसुद्धा नाही?”

“मग काय म्हणणार होते? तुम्ही बत्तीस बायकांसमोर बोललात, आमच्यात असलं काही होत नाही, मन घट्ट पाहिजे! माझं मन सैल, असं सांगू?” दीपाचा आवाज चढला. “रोज पहाटे तीनदा उशी उलटते मी. पावडर पाण्याने धुतली तरी न जाणारी आणलीये, नाशिकहून. कशासाठी? तुम्ही बघता ना रोज भिंतीवरून!”

योगिताची नजर भिंतीकडे गेली. दांडा मात्र तिने सोडला नव्हता. “तुझी यादी आली असेल की. कारणांची.”

“आली.”

“माझं नाव आहे?”

दीपाने पदराने तोंड पुसलं. पावडर जागची हलली नाही. “एक्काहत्तर टक्के.”

नऊ बायकांनी एकदम श्वास घेतला. योगिताच्या मनात आधी काहीतरी गोड, गरगरीत असं पसरलं. हिला माझा मत्सर वाटतो! सव्वीस वर्षं! आणि लगेच त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं.

“एक्काहत्तर?” ती म्हणाली. “माझं चौसष्टच आहे. म्हणजे तुझं माझ्यापेक्षा जास्त?”

“असणारच! तुमच्या हातात दांडा. मी नुसती थापतेय, थापतेय. थापणाऱ्या बाईचं नाव कोणी काढलंय कधी? पाहुणे म्हणतात, योगिताताईंचे बिबडे!”

“आणि मला काय म्हणतात माहितीये? धाकटी कशी टवटवीत आहे, तुम्ही थकलात का हो! तुझ्या लग्नाच्या फोटोत मी तुझी मावशी दिसते!”

“माझी मुलगी परीक्षेआधी तुमच्या पाया पडते, माझ्या नाही!”

“माझा नवरा तुझ्या हातची आमटी दोनदा वाढून घेतो!”

“तुमचा नवरा माझ्या नवऱ्याला सांगतो, तुझी बायको कधी भांडत नाही! मग मला भांडताच येत नाही ना!”

“मग आता भांड की! कोणी धरलंय तुला?”

“भांडतेच आहे!”

दोघी चुलीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, दांडा भांडता भांडता दोघींच्या हातात आला होता, तो आपोआप फिरत होता आणि दोघी हसायला लागल्या होत्या. भांडता भांडता हसू येतं तसं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “एक्काहत्तर!” योगिता म्हणायची. “चार टक्के भाऊजी!” दीपा म्हणायची, आणि पुन्हा दोघी वाकायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्या अशा हसल्या असतील, तेही एकदाच.

कौसल्याबाईंनी अंबाड्यावरचा बिबडा काढून खाल्ला. “दोघींच्या निम्म्यात गुठळी नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या साली दांडा कोणाला द्यावा आता?”

हा प्रश्न विचारायला नको होता.

“ताईंनाच द्या,” दीपा म्हणाली, पण ती फार उदारपणे म्हणाली.

“नको नको, दीपाला द्या,” योगिता म्हणाली, तिच्याहून उदारपणे. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आपल्यापेक्षा मोठं मन दाखवणारी बाई समोर उभी आहे, हे दोघींना एकाच क्षणी सहन झालं नाही.

दोन्ही चकत्यांनी एकाच वेळी इशारा दिला. योगिताच्या घरात प्लग नव्हते आणि दीपाचे चारही कूलर आधीच पूर्ण वेगात होते. त्यामुळे गारव्याने कंपनीच्या नियमाप्रमाणे आसपासच्या घरांकडे मदत मागितली. चुलीजवळ एवढ्या तापलेल्या दोन बाया एकत्र म्हणजे गंभीर प्रकार, असा त्याचा हिशेब झाला.

दहा वाजून वीस मिनिटांनी कॉलनीतले एकशे बारा कूलर आणि सेहेचाळीस एसी एकदम सुरू झाले. दहा वाजून एकवीस मिनिटांनी ट्रान्सफॉर्मर गेला. वीज संध्याकाळी सात वाजता आली. दरम्यान पारा पंचेचाळीसवर होता. सगळी कॉलनी ट्रान्सफॉर्मर बघायला गेली, दोघी जावाही गेल्या, आणि घाटा तळाला लागला.